झाकण नसलेला डबा

मैनूभाई, तुमचा पांढरा डबा आमच्या शेडात खिळ्याला टांगलेला असतो. तोच, ज्याला झाकण नाही. परवा भाकरीच्या कामातल्या सरस्वतीनं तो घासून लख्ख केला आणि मला विचारलं, "अक्का, ह्याच्या मापाचं झाकण आणू का बाजारातून?" मी तिच्यावर एवढी ओरडले की बिचारी हातातली परात खाली ठेवून बाहेर जाऊन बसली. मग मीच तिच्या मागं गेले, तिला पाणी दिलं. तिचा काय दोष? मला तरी कुठं माहीत होतं, तुमच्या चाळिसाव्याला कंधारला जाईपर्यंत.

तुम्ही गेलात तेव्हा मी तव्यापुढं होते. तुमच्या पुतण्याचा फोन आला. म्हणाला, चाचा कारखान्यात पात्याला धार लावता लावता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी फोन कानाला धरून उभी आणि तव्यावर भाकरी करपून चाललेली. महानंदा, म्हणजे माझी जाऊ, ओरडली, "अगं गॅस बारीक कर!" मी चावी बारीक केली. निळी ज्योत खाली बसली. मग मला रडू आलं. त्या चुलीची चावी तुम्ही बसवलेली, नळी तुम्ही ओढलेली, आणि आमच्या गोबरगॅसच्या टाकीला जेवायला शिकवलं ते तुम्हीच. रडत रडत मी उरलेल्या भाकऱ्या भाजल्या, कारण दुपारच्या गाडीनं माल लातूरला जायचा होता. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आधी काम, अक्का, रडायला उमर पडलीय."

तुम्हाला पहिल्यांदा बोलावलं ते कडबाकुट्टीसाठी. आमची मशीन बिघडली, शिरूर अनंतपाळात कुणी हात लावीना, लातूरचा मिस्त्री आज येतो, उद्या येतो करून राहिला. माझं माहेर कंधारचं. भाऊ म्हणाला, आपल्या गावात मैनोद्दीन मिस्त्री आहे, पण तोंडाचा लई फटकळ आहे. म्हणलं चालेल, आम्ही बी काही मुक्या नाही. तुम्ही आलात, खांद्यावर पिशवी, पांढरी दाढी, आणि चहा घ्यायच्या आधी म्हणालात, "कंधारची पोरगी म्हंजी आपली भैन. पण मशीनीचे हे हाल कुणी केले? तिचा नवरा असता तर फारकत मागितली असती तिनं." भाकरीच्या कामातल्या आम्ही पाची जणी हसून हसून दमलो. त्या दिवसापासून मी तुमची अक्का झाले, वयानं तुम्ही धा-बारा वर्षांनी मोठे असून.

मशीन दुरुस्त झाली आणि जाता जाता तुमची नजर आमच्या गोबरगॅसच्या टाकीकडं गेली. सासऱ्यांच्या काळची टाकी. त्या वेळी गोठा भरलेला होता. आता ट्रॅक्टर आले, गुरं गेली, दावणीला दोन म्हशी उरल्या आणि त्यांच्या शेणावर चहापुरता गॅस निघायचा. आम्ही पाच जणी ज्वारीच्या कडक भाकरी करून लातूरच्या वसतिगृहांत देत होतो, आणि सगळ्या भाकरी तुराट्यांच्या जाळावर. सरस्वतीचे डोळे धुरानं असे लाल व्हायचे की डॉक्टरनं सांगितलं होतं, चूल सोडा नाहीतर डोळे सोडा. म्हणून आम्ही डोकं चालवलं होतं. सोयाबीनची मळणी झाली की जे काड-भुसकट उरतं, ती गुळी, गावभर बांधाला पडून असते. लोक काडी लावून देतात. कुजतं ते सगळं गॅस देतं असं ऐकलं होतं, मग आम्ही टोपल्यानं गुळी आणून अख्खीच्या अख्खी टाकीत ढकलली. हात दाखवून अवलक्षण! आठ-पंधरा दिवसांत वर अशी जाड खपली धरली की डोम तिरका होऊन अडकला, निकासाचं तोंड बुजलं आणि चहापुरता गॅस होता तोही गेला.

तुम्ही टाकीच्या काठावर बसलात, बांबूनं ती खपली टोचून बघितली आणि विचारलं, "अक्का, हे कुणाला खाऊ घातलं?"

"टाकीला."

"टाकीला दात हायत का?"

मी म्हणलं, नाही.

"बैल काय करतो बगा. आधी दातानं तोडतो. मग गिळतो. मग सावलीत बसून पुन्ना तोंडात आणतो, रवंथ करतो. तवा कुठं त्याच्या पोटाला काम लागतं. तुम्ही तर सरळ पोटात कोंबलं. बैल असता तर फुगून मेला असता." मग पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि म्हणालात, "ही कुट्टी टाकीचे दात. आता रवंथ कुठं करायचा ते ठरवू." मशीन दुरुस्तीला आलेला माणूस संध्याकाळपर्यंत आमच्या टाकीतली घाण उपसत होता. त्यासाठी तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं आणि त्याबद्दल तुम्ही कधी एक शब्द बोलून दाखवला नाही.

त्यानंतरचे चार-पाच महिने मला अजून डोळ्यांपुढं दिसतात. तुम्ही दर पंधरा दिवसांनी यायचात. अर्ध्या बोटाची कुट्टी करा, म्हणालात. मला वाटलं, अर्ध्या बोटानं गॅस येतो तर पीठ केल्यावर किती येईल! तुम्ही कंधारला गेल्यावर मी गुळीची दोन पोती गिरणीत नेली. गिरणीवाले अप्पा हात जोडून म्हणाले, वहिनी, माझ्या जात्यावर उद्या लोकांचं दळण आहे. तरी मी हट्टानं दळून आणलं. ते पीठ टाकीत पडलं, त्याचे गोळे झाले, आणि ते गोळे ढेकळासारखे वर तरंगत बसले. तुम्ही आलात, एक गोळा हातात घेतला, फोडला, आत कोरडं ठण्ण. माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. "शहाणी हाय माझी भैन," एवढंच म्हणालात, पण ते असं म्हणालात की मी कानाला खडा लावला.

रवंथासाठी तुम्ही टाकीशेजारी एक छोटा हौद बांधून घेतला. त्यात कुट्टी केलेली गुळी, वर टाकीतनं निघालेली जुनी स्लरी, पायानं तुडवायचं, वर पोती झाकायची, आठ दिवस. ह्या हौदाच्या बाबतीत मात्र तुम्ही आमच्याकडनं शिकलात, हे कबूल करा. झालं की नाही हे कसं ओळखायचं, ते तुम्हाला सांगता येत नव्हतं. सरस्वतीनं एक काडी उचलली, शिजलेली डाळ बघतो तशी दोन बोटांत चिरडली. म्हणाली, ही कच्ची. चार दिवसांनी पुन्हा चिरडली. म्हणाली, ही झाली. आणि पोती कशी झाकायची, आत हात घातल्यावर किती कोमट लागलं पाहिजे, ते मटकीला मोड आणणाऱ्या बाईला तुम्ही काय सांगणार? तुम्ही खुश होऊन म्हणालात, "मी तीस साल लोखंड कापलं, पण हे मला कुणी सांगितलं न्हाई." त्या दिवशी सरस्वती घरी जाताना जरा ताठ चालत होती.

एवढं करूनही ज्योत धरेना. पिवळी, मरतुकडी, एका भाकरीपुरती. तेव्हा तुम्ही ते बोललात. ओट्यावर बसून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, जरा चाचरत. "अक्का, टाकीत काडी खाणारे जीव पाहिजेत. शेणात हायत, पण थोडे. बकऱ्याच्या पोटात लई असतात. आता आमची बकरीद येऊन राहिली. पोटातला तो अर्धा पचलेला चारा लोक फेकूनच देतात. दोन बादल्या टाकल्या तर..."

महानंदा, जी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही, उठून आत गेली. तिच्या पाटल्यांचा आवाज आला. मी म्हणलं, "भाई, एवढं सोडून काय बी सांगा. ह्या गॅसवर आम्ही देवाचा नैवेद्य करतो." तुम्ही लगेच दोन्ही कानांना हात लावला. "तौबा. माझीच अक्कल चरायला गेली होती. हा विषय संपला." आणि तुम्ही खरंच संपवला. संपवला नाही तो मी.

त्याच्या आधी ताकाचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, माझी फजिती सांगितली, स्वतःची गाळली. तुम्ही गेल्यावर आम्ही पाच जणींनी विचार केला. बकऱ्याचं नको, पण पचवणारं काहीतरी पाहिजे ना? मग पोटाला सगळ्यांत चांगलं काय? ताक! चार घरचं आंबट ताक गोळा केलं, घागरीच्या घागरी टाकीत ओतल्या. वर महानंदानं देवाचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी ज्योत होती तेवढीही विझली. तुम्ही आलात, टाकीजवळ वाकलात, वास घेतला आणि तिथंच खाली बसलात. मला वाटलं चक्कर आली. बघते तर हसून हसून तुमच्या डोळ्यांतनं पाणी. "अक्का, कढी करून राहिल्या का? फोडणी तेवढी ऱ्हायली!" मग राख, चुन्याची निवळी, थोडं थोडं करून ती आंबलेली टाकी तुम्ही ताळ्यावर आणली. दहा दिवस तिला उपास घडवला. पण ज्योत काही चढेना, आणि सरस्वतीनं पुन्हा तुराट्या पेटवल्या. तिला खोकताना तुम्ही बघितलंत. जाताना तुमचा चेहरा उतरलेला होता.

आणि मग ईद झाली. ईदीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दारात उभे. सोमवार होता, बाकीच्या जणी महादेवाला गेलेल्या, मी एकटीच पीठ मळत होते. तुमच्या दोन हातांत दोन निळे डबे, झाकणं घट्ट लावलेली, वर दोरीनं आवळलेली. अंगावरचे ईदीचे नवे कपडे मळून गेलेले. मी म्हणलं, भाई, सणाचं कामून आलात? तुम्ही म्हणालात, "आधी ओतू, मग बोलू." तुम्हीच ओतलं, डबे तिथंच धुतले, तांब्याभर पाणी प्यालात आणि बाजेवर पडल्या पडल्या झोपलात. उठलात तेव्हा संध्याकाळच्या गाडीची वेळ झालेली. बोलणं राहिलं ते राहिलंच.

पंधरा दिवसांनी ज्योत आली, भाई. काय ज्योत! निळी, ताठ, फुरफुरणारी. आम्ही पाची जणी चुलीभोवती उभ्या. सरस्वतीनं पहिली भाकरी टाकली आणि ती टम्म फुगली, तशी ती रडायला लागली. तुराट्यांचा भारा तिनं उचलून बाहेर फेकला. तिचे डोळे आता बरे आहेत. आजही सुईत दोरा तीच ओवते.

त्याच संध्याकाळी महानंदा माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "ईदीचा दुसरा दिवस. डबे झाकलेले. आमी कुणी नसताना. तुला कळत न्हाई का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं मी तिला म्हणले. पण ते माझ्या डोक्यात घुसलं ते घुसलंच. मी तुम्हाला फोन करून विचारू शकले असते. एक वाक्य तर होतं. पण मी विचारलं नाही, आणि का नाही ते आज खरं सांगते. तुम्ही हो म्हणाला असता तर टाकी बंद करावी लागली असती, आणि मला ज्योत सोडवत नव्हती. तुम्ही नाही म्हणाला असता तर विचारल्याची लाज वाटली असती. म्हणून मी दोन्हीकडनं फायद्यात राहिले, आणि तुमच्यावर मनातल्या मनात आळ घेऊन बसले. डोमवर विभूती लावली, पाणी शिंपडलं, स्वतःची समजूत घातली. माणूस किती हलका होतो बघा.

रमजानच्या ईदीला तुम्ही दरवर्षी शेवया आणायचात. घरी शिजवलेलं आम्हाला चालणार नाही म्हणून कोरडी शेवई, साखर, खारीक, तीही आमच्याच समाजाच्या दुकानातनं, शिक्क्याच्या पुड्यात. "तुमच्या भांड्यात करा, तुमच्या दुधात करा, पण गोड खा." किती विचार केला होता त्यात तुम्ही! पुढच्या ईदीला तो पुडा मी हसत घेतला, आणि तुमची पाठ वळल्यावर गिरणीवाल्या अप्पांना देऊन टाकला. तुम्ही त्याच दिवशी गिरणीच्या मोटारीचा पट्टा बघायला तिथं गेलात. अप्पांच्या फळीवर पुडा होता, कंधारच्या दुकानाचा शिक्का वर. हे मला अप्पांनीच मागाहून सांगितलं. म्हणाले, मिस्त्री पुड्याकडं बघत राहिले, मग पट्टा बसवला आणि गेले. त्याच्या पुढच्या ईदीला तुम्ही पुन्हा पुडा आणलात. त्याच्या पुढच्याही ईदीला.

आणि तो डबा. निळे डबे त्यानंतर मी कधी बघितले नाहीत. तुम्ही हा पांढरा आणायला लागलात, आरपार दिसणारा, आणि झाकण नसलेला. कधी चुन्याची निवळी, कधी कुणाच्या टाकीची स्लरी, काय असेल ते उघडं. कंधारहून शिरूरपर्यंत गाडी बदलत, डबा मांडीत धरून. कंडक्टरची बोलणी, शेजारच्याची बोलणी, धोतरवाल्याच्या धोतरावर उडालं म्हणून एकदा तर तुम्हाला अर्ध्या वाटेत उतरवलं. तुमच्या पायजम्यावर कायम डाग. मी चिडायची. "भाई, झाकण लावत जा की! काय अवतार हा!" तुम्ही म्हणायचात, "झाकण हरवलं, अक्का." दर वेळी तेच. आणि डबा माझ्या पुढ्यात ठेवायचात. "बगा. वास घ्या. हात घाला. आता तुमच्या हातानं ओता." मला वाटायचं, म्हातारपण आलं, विसरभोळे झाले. एकदा मी तुम्हाला नवं झाकण आणूनही दिलं होतं. ते तुम्ही "शुक्रिया" म्हणून पिशवीत टाकलंत. पुढच्या खेपेला डबा उघडाच.

चाळिसाव्याला मी कंधारला आले. जैतूनभाभी पडवीत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, माझे हात धरले. मी म्हणलं, भाभी, भाईंमुळं आमची चूल पेटली. त्या रडता रडता एकदम रागावल्या, तुमच्यावर! म्हणाल्या, "उस ईद को ये घर में नै थे, अक्का! लग्न झाल्यापासून पैली बकरीद, माणूस घरात न्हाई. नमाज झाली, कुर्बानीचं भावावर सोपवलं आणि निघाले. इस्लापूरला, टाकीचं पाणी आणायला. तिकडं कुणी मारोतराव हाय, त्याच्या टाकीला लई सालापासून काडीची सवय हाय म्हणे. कारखाना तेवढेच दोन दिवस बंद असतो. मी म्हणलं सणाचं नका जाऊ. म्हणाले, त्या बाईचे डोळे चालले, ईद परत येते."

भाई, इस्लापूर! किनवटच्या त्या टोकाहून नांदेड, नांदेडहून लातूर, लातूरहून शिरूर, ते दोन डबे घेऊन. ईदीची सुट्टी म्हणून तुम्ही त्या दिवशी आलात, आणि ईदीचा दिवस म्हणूनच मी तुमच्यावर संशय घेतला.

मी भाभींना विचारलं, मग भाई मला बोलले का नाहीत? त्या म्हणाल्या, "त्यांना कळलं होतं तुमाला शक हाय. शेवयाचा पुडा बघून आले त्या दिवशी जेवले न्हाईत. मी म्हणलं फोन करा, सांगून टाका. तर म्हणाले, तिनं विचारलं तर सांगीन. न विचारता सांगितलं तर चोराची सफाई वाटते." मग त्या मला कारखान्यात घेऊन गेल्या. तुमचा धार लावायचा दगड तसाच. त्याच्या वर भिंतीला खिळा, खिळ्याला तार, आणि तारेत ओवलेली झाकणं. दोन निळी. एक पांढरं. आणि त्यांच्या पुढं माझं, मी आणून दिलेलं, कोरं, दुकानाची चिठ्ठी अजून वर चिकटलेली. एकही हरवलं नव्हतं.

मला तुमची माफी मागायची आहे, मैनूभाई. तुम्ही असताना मागायला हवी होती. तीन वर्षं तुम्ही माझ्यापुढं डबा उघडा धरून उभे होतात आणि मी तुमच्या पायजम्याचे डाग मोजत बसले. पण खरं सांगू? माफीपेक्षा जास्त मला तुमचे उपकार आठवतात. राग धरून तुम्ही यायचं बंद करू शकला असता. कुणीही केलं असतं. तुम्ही फक्त झाकण काढून ठेवलं आणि येत राहिलात. एवढं मोठं मन देवानं कुठल्या मातीतनं घडवलं असेल!

घरी येऊन मी महानंदाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती वाद घालेल. तिनं गळ्यातल्या लिंगाच्या करंडकावर हात ठेवला. मग म्हणाली, "तोंड माझं होतं. पाप मला लागंल." मी म्हणलं, दोघीत वाटून घेऊ. तिनं विचारलं, "शेवया उरल्या का गं एखाद्या सालच्या?" नव्हत्या. तिन्ही सालचे पुडे अप्पांकडं गेलेले. दुसऱ्या दिवशी ती स्वतः बाजारातनं शेवया घेऊन आली, गॅसवर दूध ठेवलं, आणि आम्ही पाची जणींनी वाटी वाटी खाल्ली. ईद नव्हती, काही नव्हतं. साखर जास्त पडली होती.

आणि आपलं भांडण मिटलं नाही ते नाहीच. तुमचा शेवटचा फोन त्याच भांडणाचा. मी म्हणत होते, उन्हाळ्यात गुळी पाच दिवसांत तयार होते, आठ कशाला? तुम्ही म्हणालात, "पोट हाय ते, अक्का, कोर्ट न्हाई तारीख द्यायला. आठ म्हंजी आठ." मी रागानं फोन ठेवला. आता ऐका. गेल्या आठवड्यात मी मुद्दाम पाचव्या दिवशी पोती उघडली. काडी दोन बोटांत धरली, चिरडली. लोण्यासारखी मऊ. मीच बरोबर होते! शेडात उभी राहून मी एकटीच मोठ्यानं म्हणलं, बघा भाई, झाली का नाही? आणि मग तिथंच पोत्यावर बसून रडले, कारण आता हे ऐकून "शहाणी हाय माझी भैन" म्हणणारं कुणी नाही.

परवा इस्लापूरहून मारोतरावांचा फोन आला. भाभींनी नंबर दिला असणार. त्यांची टाकी डागडुजीला रिकामी केली होती, आता नवी भरलीय पण काडी पचवेना. म्हणाले, "ताई, मिस्त्रीनं आमचं पाणी तुमच्याकडं नेलतं. त्यातलं थोडं परत मिळंल का?" मग म्हणाले, "सणाचा दिवस होता. माझ्या घरी पिठलं-भाकर खाऊन पडवीत झोपला तो माणूस. मी म्हणलं, मिस्त्री, आज तर तुमच्यात मोठं जेवण असतंय. तर म्हणला, भैनीचं काम हाय." मी त्यांना म्हणलं, मीच घेऊन येते.

आज सकाळी मी तुमचा डबा खिळ्यावरनं काढला. टाकीच्या निकासातनं अर्ध्याच्या वर भरला. महानंदानं वरनं फडकं बांधू का विचारलं, मी नको म्हणलं. शिरूरहून लातूरला आले, लातूरला नांदेडची गाडी धरली. खिडकीजवळ जागा मिळाली, डबा मांडीत. अहमदपूरच्या अलीकडं खड्डा लागला आणि माझ्या लुगड्यावर हा एवढा मोठा डाग पडला. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. कंडक्टर आला, तिकीट देता देता त्यानं डब्यात बघितलं आणि भडकला. "काय आहे हे बाई? सगळ्या गाडीत वास सुटलाय. झाकण लावा त्याला!"

मी त्याच्याकडं बघितलं, डबा नीट धरला आणि म्हणलं, "झाकण हरवलंय, भाऊ."